बाईसाहेबांची पाठवणी

दाताचे डॉक्टर अकराला यायचे होते. पावणेअकरापर्यंत घरातल्या प्रत्येकाने बाकीच्या प्रत्येकाला निदान दोनदा सांगून झालं होतं, की आपल्याला काहीही वाटत नाहीये. आईने तर हे कुणी न विचारता पेपरवाल्यालाही सांगितलं. तो बिचारा "बरं" म्हणून सायकलवर बसला.

"सुटले बाई एकदाची," आई पुढे म्हणाली, पण तेव्हा ऐकायला समोर फक्त इस्त्री होती.

बाईसाहेब शेडच्या मधोमध पांघरुणाखाली उभ्या होत्या. बाईसाहेब म्हणजे आप्पांची जपानी गाडी. मोरपंखी, दोनच माणसांची, जमिनीला चिकटून चालणारी, आणि गेली चोवीस वर्षं ह्या घरात सगळ्यांत जास्त लाड झालेली. पोरांना ताप आला की आप्पा "उतरेल" म्हणायचे. बाईसाहेबांचा तापमानाचा काटा जरा वर गेला की त्यांना जेवण जायचं नाही. आई तिला सवत म्हणायची, आणि ह्या सवतीच्या दोन्ही सीटांची गवसणी आजवर तीनदा तिनेच शिवून दिली होती.

विकायची कल्पना थोरल्याची, आणि दाताचे डॉक्टर हे गिऱ्हाईकही त्यानेच शोधलेलं. थोरला दुसऱ्या शहरात विमा कंपनीत होता. आठवडाभर मोडक्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि त्या आपल्या खर्चाने दुरुस्त का होऊ शकत नाहीत ते पत्राने कळवायचं, हे त्याचं काम. पाच महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आप्पांना "आता गाडी बास" म्हटलं, तेव्हापासून बाईसाहेब रस्त्यावर गेल्या नव्हत्या. दर रविवारी धाकटी त्यांना सुरू करायची, तापेपर्यंत चालू ठेवायची आणि बंद करायची. आप्पांची ही ट्रक-दुरुस्तीची शेड आता धाकटीचीच होती, निम्म्या शहराचे ट्रक तिच्या हाताखालून जात होते, पण बाईसाहेबांना तिने कधी फाटकाबाहेर काढलं नव्हतं. चालव, असं आप्पा म्हणाले नाहीत. चालवू का, असं तिने विचारलं नाही.

मागच्या महिन्यात जेवताना थोरल्याने विषय काढला. "गंजून जाण्यापेक्षा कदर करणाऱ्या माणसाकडे जाईल." आप्पा म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." धाकटी म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही." आई म्हणाली, "सुटले बाई." वहिनीने सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. आमटीचा वाडगा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत चोवीस वर्षांचा निकाल लागला होता.

आप्पा नेहमी एक गोष्ट सांगायचे. जपानमधल्या सगळ्या गाडी कंपन्यांनी एके काळी आपसात ठरवून टाकलं होतं, की इंजिनात किती का जोर असेना, कागदावर दोनशे ऐंशी अश्वशक्तीच्या वर आकडा दाखवायचा नाही. आत तीनशे धडधडत असले तरी बाहेर दोनशे ऐंशी. हे सांगून आप्पा पोट धरून हसायचे. ह्या घराने तोच करार कुठेही सही न करता तीन पिढ्या पाळलाय, हे मात्र त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

*

दाताचे डॉक्टर वेळेवर आले. बारीक, नीटनेटके, पन्नाशीचे. खिशात छोटा टॉर्च आणि लांब दांडीचा तो आरसा, जो आपण सगळ्यांनी तोंडात घेतलेला असतो.

"गाडी बघायला हा फार सोयीचा पडतो," ते थोरल्याला म्हणाले. "कोपऱ्यातली कीड दिसते."

"गंज म्हणायचंय तुम्हाला," धाकटी म्हणाली.

"एकच ते."

थोरल्याने पांघरूण ओढलं, आणि डॉक्टरांचं तोंड उघडं पडलं ते मिनिटभर मिटेना. विद्यार्थी असताना त्यांच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर ह्याच गाडीचा फोटो होता. ह्या गाडीला एक सरळ रेघ नाही. पाणी ओतलं तर ते कुठेही न अडखळता जमिनीवर येईल, अशी तिची अंगकाठी. डॉक्टर तिच्याभोवती फिरले, मग खाली वाकले, मग गुडघ्यांवर आले, आणि शेवटी पांढऱ्या शर्टासकट फरशीवर आडवे होऊन त्यांनी आरसा आत घातला.

"अरे वा," खालून आवाज आला. "अरे वा वा. कुणी सांभाळलंय हे?"

"आम्ही," आप्पा म्हणाले, आणि धाकटीकडे बघायचं टाळलं.

"बॉनेट जरा उघडा. मोठ्ठं. हं, असंच राहू द्या."

आप्पांना असा श्रोता पुष्कळ दिवसांत मिळाला नव्हता. ते सुरू झाले. की ही गाडी बंदरावरच्या लिलावातून आली तेव्हा हिचं नाक चेपलेलं होतं आणि इंजिन दोन खोक्यांमध्ये सुटं भरलेलं होतं. की आपण तोवर नुसते ट्रक दुरुस्त केले होते. खोकी उघडली, सगळे भाग मांडले, आणि तसेच उठून लिलाववाल्याकडे भांडायला गेलो.

"का?" डॉक्टरांनी विचारलं.

"पिस्टन चोरले म्हणून."

डॉक्टर एवढे हसले की त्यांना आरसा खाली ठेवावा लागला. "ह्यात पिस्टन नसतातच!"

"ते मला आठ दिवसांनी कळलं. तोवर मी त्या माणसाला नाही नाही ते बोलून आलो होतो." आप्पांनी हाताने हवेत आकार काढला. "शेंगेसारखी पोकळी आणि आत गुबगुबीत त्रिकोण. वर-खाली काही नाही, नुसतं गोल. सगळ्या जगाने हे इंजिन करून बघितलं आणि नाद नको म्हणून सोडून दिलं. आतून ओरखडे पडायचे—"

"सैतानाच्या नखांचे," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला माहितीये?"

"हिच्या कंपनीच्या इंजिनियरांनीच ते नाव दिलं होतं. आणि त्यांनी सोडलं नाही."

"नाही सोडलं," आप्पा म्हणाले, आणि दोघंही एकमेकांकडे अशा प्रेमाने बघायला लागले की थोरला हातातली गाडीच्या कागदांची फाइल उगाच उघडून बघायला लागला. तीस वर्षं त्याने बापाचं असं लक्ष मिळवायचा प्रयत्न केला होता. ह्या माणसाला ते पंधरा मिनिटांत मिळालं होतं.

"चला, सुरू करून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

थोरल्याने किल्ली आप्पांना दिली. आप्पांनी ती धाकटीला दिली. "तू कर."

धाकटी आत बसली. तिने किल्ली फिरवली. स्टार्टर गरगरला, गरगरला, नुसताच गरगरत राहिला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. आणि मग शेडभर पेट्रोलचा असा वास सुटला की डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला.

सगळ्यांनी एकदमच भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. ती आप्पांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती: सुरू केल्यास तापेपर्यंत बंद करू नये. हुकूम. हे इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त पितं. तेवढ्यात बंद केलं तर ते आत साचतं, त्रिकोणाच्या कडांवरचं तेल धुऊन टाकतं, आणि पुढच्या वेळी इंजिनाला दाबच मिळत नाही. घरात ह्याला 'बाईसाहेबांना बुडवणं' म्हणायचे. घरात हे प्रत्येकाला तोंडपाठ होतं.

"कुणीतरी बुडवलंय," धाकटी हळू म्हणाली.

"चहा टाकते," आई म्हणाली आणि आत पळाली.

*

आईने चहाचं पाणी ठेवलं आणि साखरेऐवजी मिठाचा डबा हातात घेतला.

सहाला उठून ती शेडमध्ये गेली होती. का गेली ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. चोवीस वर्षं दर रविवारी तिला त्या आवाजाने जाग यायची. आधी घरघर, मग एकसारखी लागलेली गुणगुण. ती उशीत तोंड घालून "झालं ह्यांचं सुरू" म्हणायची आणि पुन्हा झोपायची. पुढच्या रविवारी हे म्हणायला काही असणार नव्हतं. म्हणून तिने किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली, आणि तेवढ्यात न्हाणीघरातून आप्पांचं खाकरणं ऐकू आलं. आपल्याला सवतीजवळ कुणी रडताना बघितलं तर! तिने झटकन किल्ली उलटी फिरवली होती.

"आई, ते मीठ आहे," वहिनी म्हणाली.

"माहितीये मला."

थोरला आत आला आणि त्याने दार लोटून घेतलं. "धाकटीने केलंय हे."

वहिनी शाळेत विज्ञान शिकवायची. पुराव्याशिवाय कुणी काही म्हटलं की तिच्या भुवया आपोआप वर जायच्या. "कशावरून?"

"कशावरून काय? ह्या घरात तिच्याइतकं कुणाला कळतं त्यातलं? तोंडाने म्हणायचं काही म्हणणं नाही, आणि मागून असं करायचं. बाहेर त्या माणसासमोर माझं काय तोंड राहिलं?"

"तीच असणार," आई म्हणाली. एवढं पटकन म्हणाली की तिचं तिलाच वाईट वाटलं. पण शब्द गेला होता, आणि शिवाय फार सोयीचा होता.

"बघ, आईसुद्धा म्हणतेय."

वहिनीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. आई आणि थोरला एका बाजूला असं ह्या घरात सहसा घडत नसे. आई नेहमी धाकटीच्या बाजूने असायची, निदान थोरला नसेल तिथे. आणि नवऱ्याच्या उजव्या अंगठ्यावर तिला एक काळा डाग दिसला. आज सकाळी हा माणूस साडेसहाला "जरा फिरून येतो" म्हणून बाहेर पडला होता. लग्नाला सोळा वर्षं झाली, तो कधी फिरायला गेला नव्हता.

"फिरायला कुठे गेला होतात हो?" तिने विचारलं.

"कुठे म्हणजे? असाच. कोपऱ्यापर्यंत."

"बरं," वहिनी म्हणाली आणि कप ट्रेमध्ये मांडायला लागली. आत्तापर्यंत ती ह्या विक्रीत नवऱ्याच्या बाजूने होती. आता तिने बाजू बदलली, आणि ती कुणाच्या बाजूला गेली हे अजून तिला एकटीलाच माहीत होतं.

*

शेडमध्ये आप्पा मनातून फार खूश होते.

आठ वाजता तेही आले होते. निरोप घ्यायला, असं ते कधीच म्हणाले नसते. हवा बघायला, असं म्हणाले असते. त्यांनी किल्ली फिरवली, गाडी लागली नाही, आणि नाकात वास शिरला. तीन सेकंदांत त्यांना कळलं की आपल्या आधी कुणीतरी हे करून गेलंय. आणि आणखी तीन सेकंदांत त्यांनी ठरवून टाकलं, की ही धाकटी. पोरगी तोंडाने बोलली नाही, पण तिने केलं. तिला गाडी जाऊ द्यायची नाहीये! आप्पा तसेच गाडीत बसून राहिले, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांना न्याहारी जास्त लागली.

कारण त्यांच्या मनात एकच सल होता. त्या रात्री जेवताना ती "माझं काही म्हणणं नाही" म्हणाली, तेव्हा त्यांना वाटलं, संपलं. चौदा वर्षांची असताना ह्याच इंजिनाचा त्रिकोण मांडीवर घेऊन ती पुसत बसली होती, आणि आता तिला काही म्हणायचं नाही. मग ठेवायची कुणासाठी?

डॉक्टर मागच्या चाकाशी आरसा घालून बसले होते. आप्पा धाकटीजवळ सरकले आणि त्यांनी आवाज खाली आणला.

"चांगलं केलंस."

"काय?"

"बुडवलंस ते. मी काही बोलणार नाही." आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पोटच्या पोरीला डोळा मारला.

धाकटीच्या हातातलं फडकं खाली पडलं. मग तिचा चेहरा लाल झाला, कानांपर्यंत.

"मी? आप्पा, मी बुडवलं?"

"हळू बोल."

"का हळू? गिऱ्हाइकाची मोडकी मोपेडसुद्धा मी अशी बंद करत नाही! इतकी वर्षं मी हिला पोटच्या पोरासारखी... आणि तुम्हाला वाटलं मी? मी?"

"नाही केलंस?" आप्पांनी विचारलं.

"नाही!"

आप्पांचा चेहरा उतरला. धाकटीने तो बघितला, आणि तिला वाटलं, ह्यांचा अजूनही आपल्यावर विश्वास नाही. तिने पाना उचलला आणि तो जागेवर ठेवला, मग पुन्हा उचलला आणि पुन्हा जागेवर ठेवला. ती रडायची तेव्हा असंच करायची.

चहा घेऊन सगळे बाहेर आले ते नेमके ह्या वेळी.

"मग कबूल केलं का हिने?" थोरल्याने विचारलं.

"दादा, तू तर गप्पच बस."

"मी का गप्प बसू? तुला विकायची नव्हती तर तसं सांगायचं होतंस! एवढा मोठा माणूस रविवारचा इथे—"

"माझी काही घाई नाही," फरशीवरून डॉक्टर म्हणाले. "चालू द्या तुमचं."

"अहो," वहिनी नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या अंगठ्याला काय लागलंय?"

थोरल्याने हात खिशात घातला. एवढ्यावरच सगळं संपलं; विमा कंपनीत तो लोकांना ज्यावरून पकडायचा, नेमकं तेच त्याने केलं होतं.

"दाखव बघू हात," आई म्हणाली.

"फक्त एकदा सुरू केली," थोरला म्हणाला. "फक्त एकदा! चोवीस वर्षं तुम्ही मला त्या सीटवर बसू दिलं नाहीत, आप्पा. एकदा फाटकाच्या खांबाला गाडीचा आरसा घासला, तोही अठराव्या वर्षी, आणि मी कायमचा बाद. मला वाटलं, जायच्या आधी निदान एकदा आपल्या हाताने सुरू करून बघावी. आणि नीट सुरू पण होत नव्हती, बॉनेट उघडून बॅटरीच्या वायरी चाचपल्या, तेव्हा तिसऱ्या खेपेला लागली. मग फाटकाशी कुणाचा तरी आवाज आला, म्हणून बंद केली."

"तिसऱ्या खेपेला?" धाकटीने विचारलं. "म्हणजे तुझ्या आधीच कुणीतरी बंद केली होती."

चहावर साय धरायला लागली.

"आई," वहिनी हळूच म्हणाली.

"माझ्याकडे काय बघता?" आई म्हणाली. मग तिने ट्रे ट्रकच्या टायरवर ठेवला आणि पदराला हात पुसले. "केली मी. सहा वाजता. काय फाशी देणार आहात का? ऐकायची होती मला. सवत असली म्हणून काय झालं, चोवीस वर्षं आवाज ऐकलाय तिचा. आणि धाकटे, मघाशी मी आत तुझं नाव घेतलं. चुकलं माझं."

"तू माझं नाव घेतलंस?"

"घेतलं. दादा म्हणाला, म्हणून मी पण म्हणाले."

"मी आठ वाजता," आप्पा म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळले. "लागली नाही. पण मीही फिरवली किल्ली."

"मी फक्त दिवे वर-खाली केले," वहिनी म्हणाली. "काल आल्या आल्या. चार वेळा. झोपेतून उठून आपल्याकडे बघितल्यासारखे बॉनेटमधून वर येतात ते, मला फार आवडतात."

दाताचे डॉक्टर आता उठून बसले होते. पाठीवर ग्रीसचा पट्टा, हातात आरसा. "म्हणजे," ते म्हणाले, "ज्यांना सगळ्यांना ही विकायचीये, त्या सगळ्यांनी सकाळपासून हिला सुरू केलंय. आणि जिने केलं नाही, तिच्यावर आळ."



*

बुडालेली गाडी वर काढायची तर आधी पंपाचा फ्यूज उपटायचा, मग प्लग काढायचे, आत साचलेलं पेट्रोल इंजिन नुसतं फिरवून बाहेर फेकायचं, त्या भोकांतून चमचाभर तेल सोडायचं, प्लग सुकवून परत बसवायचे, आणि मग मनातल्या मनात ज्याला हाक मारायची त्याला मारायची. धाकटीने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि हुकूम सुटायला लागले. "दादा, दुसऱ्या ट्रकची बॅटरी आण. वहिनी, तो फ्यूज, लाल नाही, त्याच्या शेजारचा. आई, दिवासळी, उदबत्ती, काही पेटवायचं नाही. आप्पा, तुम्ही बसा."

"मी का बसू?"

"बरं, तेल काढा."

"प्लग मी काढतो," डॉक्टर म्हणाले. "अरुंद जागेत हात घालायची सवय आहे मला." चाकाच्या बाजूने त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला, डोळे मिटले आणि सवयीने म्हणाले, "आता थोडं दाबल्यासारखं वाटेल." प्लग निघाला. ओला, काळा. त्यांनी तो उजेडात धरला. "उशीर केलात तुम्ही."

धाकटी हसली. मनात नसताना हसली, आणि त्याचा तिला राग आला. हा माणूस वाईट निघायला हवा होता. हा गाडी एसीत बंद करून ठेवणारा, पाहुण्यांना दाखवणारा निघायला हवा होता. त्याऐवजी हा ग्रीसमध्ये लोळत होता आणि आप्पा त्याला तेलाची बाटली देत होते. अशा माणसाकडे गाडी जाणार, आणि तिला तक्रार करायलाही जागा नाही. तिला गाडी हवी होती. दुसरं काही नको होतं. शेड नाही, आप्पांची ती ट्रकवाली जुनी गिऱ्हाइकं नाहीत, ही एकच वस्तू. आणि ह्या घरात आजवर तिने कधी काही मागितलं नव्हतं. कसं मागतात ते तिला येत नव्हतं.

"सांग ना," वहिनी फ्यूज परत देताना तिच्या कानाशी म्हणाली.

"काय सांगू?"

"तुला माहितीये काय."

"आप्पांनी आधी होकार दिलाय, वहिनी."

"त्यांना वाटतंय तू दिलास."

धाकटीने तिच्याकडे बघितलं. मग तिने फ्यूज बसवला, आत बसली आणि किल्ली फिरवली. एकदा. दुसऱ्यांदा कुठेतरी एक ठसका. तिसऱ्यांदा तिने पॅडल खालपर्यंत दाबून धरलं, आणि बाईसाहेब एकदम घशातून ओरडल्या. मागून निळसर पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की अर्धी शेड आणि अख्खा थोरला दिसेनासा झाला. समोरच्या घराच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. दिवे आपणहून वर आले नाहीत, ते वहिनीने वर केले.

"घेतली!" डॉक्टर धुरातून ओरडले. "मी घेतली! आज घेऊन जातो!"

"थांबा!" धाकटी गाडीबाहेर आली.

आता हे बोलणं शांतपणे व्हायला हवं होतं. पण इंजिन थंड होतं, थंड इंजिन बंद करायचं नव्हतं, आणि तेल जळेपर्यंत बाईसाहेब खालच्या आवाजात बोलायला तयार नव्हत्या. शिवाय आप्पांचा उजवा कान ट्रकांनी केव्हाच खाल्ला होता, आणि धाकटी नेमकी त्या बाजूला उभी होती.

"आप्पा, मला हवीये," ती म्हणाली.

आप्पांनी तिच्याकडे बघितलंच नाही. काट्याकडे बघत होते ते.

"आप्पा! मला हवीये!"

"काय?" आप्पांनी विचारलं. "ऐकू येत नाही!"

धाकटीने डोळे मिटले, आणि एवढ्या वर्षांचं जे आत होतं ते सगळं घशात आणून ओरडली, "बाईसाहेब मला हव्यात! विकू नका! मला द्या!"

समोरची एक खिडकी पुन्हा उघडली.

आप्पा वळले. "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही आधी होकार दिलात!"

"मी कुठे दिला? मी म्हणालो तुम्हाला योग्य वाटेल ते करा! तू नाही म्हणशील म्हणून थांबलो होतो!"

"मला काय माहीत? तुम्ही विचारलं का?"

"तू सांगितलंस का?"

"आता सांगतेय ना!"

"मग आता देतोय ना!" आप्पा ओरडले, आणि ओरडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. त्यांचा आवाज फाटला. "तुझीच आहे गं. दुसऱ्या कुणासाठी सांभाळली मी?"

हे मात्र त्यांनी हळू म्हटलं, आणि इंजिनाच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू गेलं.

"दादा," धाकटी थोरल्याकडे वळली, "तुझी काही हरकत?"

थोरला धुरातून डोळे चोळत बाहेर आला. त्याने फायलीकडे बघितलं, तिच्यात त्याने रंगीत कागद लावून कप्पे पाडले होते. "हरकत नाही," तो म्हणाला. "पण मला चालवायला मिळाली पाहिजे. महिन्यातून एकदा."

"वर्षातून."

"दोन महिन्यांतून."

"खांबापासून लांब ठेवणार असशील तर," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी थोरल्याच्या खांद्यावर हात टाकला. थोरला जागचा हलला नाही, हात निघून जाईल म्हणून.

"म्हणजे मी जाऊ?" डॉक्टरांनी विचारलं.

आईने त्यांच्या शर्टाकडे बघितलं. एवढा अन्याय झालेला माणूस तिच्या दारातून तसाच कधी गेला नव्हता. "तो शर्ट काढा आधी," ती म्हणाली. "डाग बसायच्या आत धुऊन देते. आणि चहा मी नवा करते, ह्यात मीठ आहे."

काटा मधोमध येऊन थांबला. आवाज खाली उतरला, एकसारखा लागला. आता बंद करता आली असती. धाकटीने किल्लीकडे हात नेला.

"बंद कशाला करतेस?" आप्पा म्हणाले. "फाटक उघड रे, थोरल्या."

धाकटी स्टिअरिंगमागे बसली. आप्पा गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी गेले. तिथे आई येऊन उभी होती.

"अहो, ही माझी जागा."

"आजच्या दिवस दे."

आईने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा आत बसलेल्या पोरीकडे बघितलं, मग दार उघडून धरलं. आप्पा वाकले, आत शिरले. ह्या बाजूने काच वेगळी दिसत होती. रस्ता जरा तिरका. त्यांनी पट्टा लावला. धाकटीने क्लच दाबला, आणि त्याबरोबर आप्पांचाही डावा पाय खाली गेला. तिथे नुसतं पायपुसणं होतं. त्यांनी पाय मागे ओढून घेतला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"चल," ते म्हणाले. "तुला वाटेल तिथे."